आठ इंचांची जाहिरात

मी पॅकेजिंग डिझायनर आहे. पुण्यात बसून लोणची, मसाले, चिवडा, साबण यांची वेष्टनं करत आले. मग एका लहान क्राफ्ट ब्रुअरीचं काम आलं. नवा लोगो, नवे कॅन, बाटल्यांची लेबलं, खोके, पबमधल्या टॅपचे दांडे, ग्लासाखालचे कोस्टर, सगळं नव्याने करायचं होतं. २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि पुणेकरांना जागेवरच बनवलेली ताजी बिअर कळली. त्यानंतर या शहरात अशा ब्रुअरींची गर्दी वाढत गेली. गर्दीत चेहरा दिसावा म्हणून रीब्रँडिंग करायचं, असं मालकांचं साधं म्हणणं होतं. ब्रुअरीचं नाव सांगत नाही, कारण इथे लिहिलेलं कोणत्याही लहान ब्रुअरीला लागू पडावं.

पहिल्या बैठकीपासून सगळे बोलत होते ते लोगोवर. प्रत्यक्षात लोगो हा या कामाचा सगळ्यांत लहान तुकडा निघाला. पिणाऱ्याच्या हातात कॅन अगदी शेवटी येतो. त्याआधी तो एक्साइजच्या टेबलावरून, छपाईच्या यंत्रातून, टेम्पोतून, बिअर शॉपीच्या पोऱ्याच्या हातातून आणि फ्रीजमधून जातो. बाटली असेल तर पिऊन झाल्यावर भंगारवाल्याकडेही जाते. या सगळ्यांकडे जे लेबल टिकतं तेच पिणाऱ्यापर्यंत पोचतं. या वाटेवर जे कळलं, ते असं.

१. आधी जागा मोजा, मग कल्पना लढवा

चिवड्याची जाहिरात टीव्हीवर करता येते, बिअरची येत नाही. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनी मद्याची सरळ आणि आडवळणाची, दोन्ही प्रकारची जाहिरात बंद केली आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यातही मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. मोठ्या कंपन्या सोडा, पिण्याचं पाणी, संगीताच्या सीडी असल्या नावांनी आपलं चिन्ह लोकांसमोर ठेवतात. लहान ब्रुअरीला तो खर्च झेपत नाही. तिची जाहिरात म्हणजे तिचा कॅन.

अर्धा लिटरच्या नेहमीच्या कॅनचा व्यास ६६ मिलिमीटर असतो. म्हणजे घेर साधारण २०७ मिलिमीटर, आठ इंचांहून जरासा जास्त. समोर उभ्या माणसाला त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा नीट दिसतो. या आठ इंचांत मद्याचं प्रमाण, आकारमान, उत्पादकाचं नाव-पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, घटक, बॅच, तारीख, किंमत, तक्रारीसाठी संपर्क, कोणत्या राज्यात विक्रीसाठी आहे ती ओळ आणि बारकोड बसवायचा असतो. शिवाय मद्यपान आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, हा वैधानिक इशारा. १ एप्रिल २०१९ पासून तो देशभर एकाच मजकुरात आला आणि त्याच्या अक्षरांची किमान उंचीही नियमात ठरलेली आहे.

बहुतेक डिझायनर समोरची बाजू सुंदर करतात आणि हा मजकूर शेवटी मागे कोंबतात. मी उलट करते. रिकाम्या घेरावर आधी सगळा सक्तीचा मजकूर योग्य मापात मांडते आणि त्याचा कागद मालकांसमोर ठेवते. उरलेली जागा पाहिल्यावर लेबलावर कंपनीची जन्मकथा छापायची हौस आपोआप फिटते. हा मजकूरसुद्धा डिझाइनचाच भाग आहे. तो नीट रकान्यात, एकाच टाइपात, वाचता येईल असा लावला तर मागची बाजू बघणाऱ्यालाही वाटतं की या लोकांनी कामात कसर ठेवलेली नाही.

२. पहिला वाचक एक्साइजचा

बिअरचं लेबल हे सरकारी कागदपत्र असतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या मंजुरीशिवाय ते बाजारात जात नाही. मंजुरी राज्याराज्यात वेगळी घ्यावी लागते, तिला शुल्क असतं आणि ती साधारण आर्थिक वर्षाला बांधलेली असते. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकात माल विकायचा तर लेबलं तीन आणि फायलीही तीन. गोव्यात कर कमी म्हणून बिअर स्वस्त. तिथला माल सिंधुदुर्गात चोरून येऊ नये म्हणून नाक्यावरचा शिपाई लेबलावरची विक्रीच्या राज्याची ओळच आधी पाहतो. ती ओळ कोपऱ्यात, फिकट रंगात लपवणं म्हणजे आपल्याच ट्रकची खोटी करून घेणं.

लेबलावरचा एक शब्द किती महाग पडू शकतो ते बीरा ९१ च्या उदाहरणात दिसलं. बी९ बेव्हरेजेस या कंपनीने शेअर बाजारात उतरायच्या तयारीत आपल्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढला. कायद्याच्या दृष्टीने नाव बदललं, म्हणून राज्याराज्यांत लेबलं पुन्हा नोंदवावी लागली आणि त्या काळात विक्री काही महिने अडली. जुन्या नावाचा सुमारे ८० कोटी रुपयांचा माल कंपनीला खर्ची टाकावा लागला आणि २०२३-२४ या वर्षाचा एकूण तोटा ७४८ कोटींवर गेला. तोट्याला इतरही कारणं होती. पण लोगोला हात न लावता, रंग न बदलता फक्त पत्त्याच्या ओळीतला एक शब्द गेला तरी एवढं घडतं, हे लक्षात ठेवावं.

म्हणून लोगोची पहिली रेघ मारण्याआधी मी ब्रुअरीचं एक्साइजचं काम पाहणाऱ्या माणसासोबत बसते. कोणता बदल केला तर नव्याने नोंदणी लागते, कोणत्या महिन्यात फायली तुंबतात, जुना नोंदलेला माल कधीपर्यंत विकता येतो, हे त्याला तोंडपाठ असतं. डिझाइनच्या बैठकीला त्याला कोणी बोलावत नाही. तुम्ही बोलवा आणि त्याला पहिली खुर्ची द्या.

३. बिअर शॉपीत उभं राहा

लॅपटॉपच्या पडद्यावर कॅन नेहमी एकटा, सरळ आणि पांढऱ्या भिंतीसमोर उभा असतो. बिअर शॉपीत तसा तो कधीच दिसत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला एखाद्या शॉपीच्या काउंटरला जाऊन उभं राहावं. बाई म्हणून मी उभी राहिले की शेठ आधी घाईघाईने विचारायचे, “ताई, काय देऊ?” काम समजावून सांगितल्यावर ते स्वतःच व्याख्यान द्यायला लागायचे.

तिथे कळतं की गिऱ्हाईक दोन प्रश्नांवर चालतं. “थंड काय आहे?” हा एक, आणि “स्ट्राँग की माइल्ड?” हा दुसरा. आपल्याकडे मद्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेलं की बिअर स्ट्राँग धरतात आणि बाजाराचा मोठा भाग तिचाच आहे. व्हीट, स्टाउट, आयपीए ही नावं माहीत असणारा वर्ग अजून लहान आहे. त्यामुळे बिअरची जात आणि तिची ताकद या दोन गोष्टी हातभर अंतरावरून कळल्या पाहिजेत.

फ्रीजही नीट पाहावा. पोऱ्या घाईत कॅन भरतो, त्याला कोणती बाजू पुढची याची फिकीर नसते. पावसाळ्यात फ्रीजच्या काचेवर दव धरतं आणि आत फक्त रंगांचे ठोकळे दिसतात. यातून दोन निर्णय निघाले. एक, ओळख पटवणारी खूण कॅनच्या घेरावर इतक्यांदा यावी की कॅन कसाही फिरवला तरी ती दिसेल. दोन, रंगांचे मोठे पट्टे. बारीक नक्षी काचेच्या पलीकडे मरते.

आणखी एक गोष्ट फक्त कानाने कळते. लोक नावाने मागायला बिचकतात. उच्चार चुकेल असं वाटलं की नाव टाळतात आणि “ती पिवळी द्या”, “तो कंदीलवाला कॅन द्या” असं म्हणतात. नाव सोपं करता येत नसेल तर निदान बोट दाखवून मागता येईल अशी एक खूण लेबलावर हवी.

४. काय बदलायचं त्याच्या आधी काय ठेवायचं ते ठरवा

आमच्या ब्रुअरीच्या जुन्या कॅनवर कंदील होता, पिवळा पट्टा होता, वळणदार इंग्रजी अक्षरं होती, जवाच्या लोंब्या होत्या आणि मागे सह्याद्री. मालकांना सगळंच नको झालं होतं. मी पबमध्ये नेहमी येणाऱ्यांना कोरा कागद आणि पेन दिलं आणि जुना कॅन आठवून काढायला सांगितलं. चित्रं वेडीवाकडी आली, पण निकाल स्वच्छ होता. अक्षरं कोणालाच आठवत नव्हती, लोंब्या आणि डोंगर तर नव्हतेच. कंदील आणि पिवळा पट्टा मात्र जवळजवळ प्रत्येक कागदावर होते. मालकांना ज्या वळणदार अक्षरांची चिंता होती ती काढून टाकायला मोकळीक मिळाली, आणि जो कंदील ते टाकून देणार होते तो वाचला.

खूण जपल्याचं उदाहरण गिनेस बिअरचं. गिनेसने आपलं हार्प १८७६ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. पुढे आयर्लंड स्वतंत्र झालं आणि त्यालाही हार्पच राजचिन्ह म्हणून हवं होतं, तेव्हा सरकारने ते उलट्या बाजूला तोंड करून घेतलं. गिनेसने ते हार्प कितीदा तरी नव्याने रेखाटलं, तारांची संख्या बदलली, रेघा जाड-बारीक झाल्या. पण लांबून बघणाऱ्याला ते तेच हार्प वाटतं.

उलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुइंगचं. ही ब्रुअरी १८९६ पासूनची. १९६५ मध्ये बंद पडायच्या बेतात असताना फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने ती घेतली. अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरची सुरुवात पुष्कळ जण तिथूनच धरतात. जिम स्टिट हे चित्रकार तिची लेबलं हाताने रंगवायचे. १९७५ पासून दर नाताळला निघणाऱ्या खास बिअरच्या लेबलावर दर वर्षी वेगळं झाड असायचं आणि लोक ती लेबलं जमवायचे. २०१७ मध्ये जपानच्या सपोरोने ब्रुअरी विकत घेतली आणि जानेवारी २०२१ मध्ये लेबलं पार बदलली. ठळक सपाट रंग आले, मोठी अक्षरं आली, नांगराचं चित्र साधं झालं. दुकानात दुरून ओळखू यावं हा हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण जुनी गिऱ्हाइकं खवळली, कारण हाताने काढलेली किंचित वाकडी रेघ हीच त्यांच्या लेखी अँकर होती. जुलै २०२३ मध्ये ब्रुअरी बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि २०२४ मध्ये चोबानी दह्याच्या हमदी उलुकाया यांनी ती घेतली. ती लेबलामुळे बुडाली असं कोणी म्हणू नये, कोविडसकट पुष्कळ कारणं होती. पण अडचणीच्या काळात जी माणसं पाठीशी उभी राहायची त्यांनाच परकं वाटलं, एवढं खरं.

५. चिन्ह उचलण्याआधी चार ठिकाणी विचारा

रीब्रँडिंगची बातमी पसरली की प्रत्येकाला कल्पना सुचते. मालकांच्या एका भाच्याने किल्ल्याचं नाव सुचवलं, दुसऱ्याने मावळ्याचं चित्र. बिअरच्या बाबतीत असल्या कल्पना दारातच थांबवाव्यात. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धच्या १९५० च्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाला ट्रेडमार्क मिळत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मद्य विकणाऱ्या दुकानांना आणि हॉटेलांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देऊ नयेत असा निर्णय घेतला. तो पाट्यांपुरता असला तरी लोकांचं मन कुठे आहे ते त्यातून दिसतं. परदेशातल्यांनाही यातून सुटका नाही. इस्रायलच्या माल्का ब्रुअरीने बाटलीवर गांधीजींचं चित्र छापलं, २०१९ मध्ये राज्यसभेत विषय निघाला आणि कंपनीला माफी मागावी लागली.

दुसरा दरवाजा ट्रेडमार्कचा. बिअर वर्ग ३२ मध्ये येते, वाइन आणि बाकीची दारू वर्ग ३३ मध्ये. पब चालवत असाल तर वर्ग ४३ ही बघावा लागतो. तिन्हीकडे शोध घेतल्याशिवाय नावाच्या प्रेमात पडू नये. बिअर आणि ट्रेडमार्क यांचं नातं तसं जुनं आहे. ब्रिटनच्या नोंदवहीतला पहिला ट्रेडमार्क बास ब्रुअरीचा लाल त्रिकोण आहे, १८७६ चा. आणि भांडणही तितकंच महाग पडतं. मिलरकूर्सने आपल्या कीस्टोन बिअरचं रूप २०१७ मध्ये बदलताना नावातला ‘स्टोन’ हा भाग ठळक केला. कॅलिफोर्नियाच्या स्टोन ब्रुइंगने २०१८ मध्ये दावा लावला आणि मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना ५ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई देऊ केली. नाव जुनंच होतं, ते कॅनवर कसं मांडलं यावरून खटला झाला.

तिसरी गोष्ट वयाची. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी २१ वर्षं पूर्ण लागतात. क्राफ्ट बिअरच्या कॅनवर कार्टून आणि गोळ्या-चॉकलेटांचे रंग टाकायची जगभर फॅशन आहे. ब्रिटनमध्ये पोर्टमन ग्रुप ही संस्था अशा तक्रारी तपासते. वेल्सच्या टायनी रिबेल ब्रुअरीचा ‘कुच’ बिअरचा कॅन मुलांना आकर्षित करू शकतो असा निवाडा तिने २०१७ मध्ये दिला आणि ब्रुअरीला तो नव्याने करावा लागला. घरातल्या फ्रीजमध्ये आपला कॅन आंब्याच्या सरबताच्या कॅनशेजारी ठेवून बघा. दहा वर्षांचं पोर कोणता उचलेल याचं उत्तर लगेच देता आलं पाहिजे.

चौथी गोष्ट चवीची. ‘स्थानिक’ दिसायचं म्हणून वारली आकृत्या आणि पैठणीचे काठ लावून मोकळं होणं सोपं आहे. ज्या बिअरमध्ये कोकम किंवा इंद्रायणी तांदूळ खरोखर पडतो, तिच्या लेबलावर कोकम आणि तांदूळ येऊ द्या. बाकीच्यांवर येऊ देऊ नका.

६. छपाईच्या यंत्राची ओळख करून घ्या

भारतात ॲल्युमिनियमचे कॅन बनवणारे मोठे कारखाने मोजकेच आहेत. त्यातले दोन महाराष्ट्रात, बॉल कंपनीचा तळोज्याला आणि कॅनपॅकचा छत्रपती संभाजीनगरला. तिथली छपाई कागदासारखी नसते. सगळे रंग एका रबरी ब्लँकेटवर गोळा होतात आणि एकाच फेरीत, ओले असतानाच, कॅनवर उतरतात. मिनिटाला हजाराहून जास्त कॅन निघतात. या पद्धतीत रंगावर रंग चढवता येत नाही, ते शेजारी-शेजारी बसवावे लागतात आणि मध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. रंगांची संख्याही सहा ते आठच्या आत. फोटो, जलरंगाचे ओघळ, एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटा पडद्यावर छान दिसतात आणि कॅनवर चिखल होतात.

अजून एक गंमत. छपाई होते तेव्हा कॅन सरळ नळकांडं असतो. वरची मान त्यानंतर आवळली जाते. त्यामुळे वरच्या कडेजवळ काढलेला गोल पुढे चपटा होतो आणि अक्षरं एकमेकांत शिरतात. म्हणून मानेजवळ फक्त सपाट रंग ठेवावा. आमचा पिवळा पट्टा तिथे चपखल बसला.

न रंगवलेल्या जागी धातू चमकतो, त्याचा वापर करून घ्यावा. कंदिलाच्या ज्योतीभोवती आम्ही काहीच छापलं नाही. तिथे उघडं ॲल्युमिनियम आहे आणि एक रंग वाचला. बारकोडच्या मागे मात्र धातू ठेवू नये, चकाकीने स्कॅनर गोंधळतो. त्याखाली पांढरा किंवा फिका ठोकळा हवा आणि रेघा गडद. लाल रेघा तर लाल किरणांच्या स्कॅनरला दिसतच नाहीत. गोल कॅनवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या लावाव्यात, नाहीतर वळणामुळे कडेच्या रेघा वाचल्या जात नाहीत.

सगळ्यांत जड प्रश्न संख्येचा. छापील कॅनची ऑर्डर साधारण लाखाच्या घरात द्यावी लागते, तीही प्रत्येक डिझाइनची आणि प्रत्येक राज्याची वेगळी. ज्या बिअरचा खप तेवढा नाही तिच्यासाठी कोरा कॅन घेऊन त्यावर आकसणारं प्लास्टिकचं आवरण चढवतात किंवा चिकटपट्टीचं लेबल लावतात. ते दर नगामागे महाग पडतं, पण गोदामात जुन्या डिझाइनचे डोंगर उरत नाहीत. आम्ही सतत विकल्या जाणाऱ्या बिअर छापील कॅनमध्ये घेतल्या आणि हंगामी बिअरना लेबल दिलं. डिझाइन सुरू करण्यापूर्वी ही वाटणी झालेली हवी, कारण दोन्हीची कला वेगळ्या पद्धतीने काढावी लागते.

७. बाटलीला बर्फ, ऊन आणि भंगार भेटतं

मालकांना पारदर्शक काचेची बाटली हवी होती. बिअरचा सोनेरी रंग दिसतो, फोटो छान येतात. इथे डिझायनरने ब्रुअरच्या बाजूने उभं राहावं. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की त्यातून गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि बिअरला घाण वास येतो. तपकिरी काच तो उजेड पुष्कळ अडवते, हिरवी कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. काही कंपन्या पारदर्शक बाटली वापरतात, पण त्यासाठी त्या उजेडात न बिघडणारा, प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क घालतात. लहान ब्रुअरीने तपकिरी काच घ्यावी आणि सोनेरी रंग लेबलात आणावा.

कागद निवडताना नमुना बर्फाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. हॉटेलात बाटली बर्फाच्या बादलीत जाते आणि तासाभराने लेबल हातात सोलून आलं तर टेबलावरच्या माणसाला बिअरही बनावट वाटते. ओलं झालं तरी न फाटणारा कागद मिळतो, त्याचे थोडे जास्त पैसे द्यावेत.

पण लेबल निघूच नये असंही नाही. आपल्याकडे ६५० मिलीची तपकिरी बाटली भंगारवाल्यामार्फत कारखान्यात परत येते, गरम कॉस्टिक सोड्यात धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते. त्या धुण्यात सुटणारा गोंद आणि कागद असेल तर बाटली फिरत राहते. हट्टी प्लास्टिकचं लेबल किंवा काचेवर भाजलेली नक्षी असेल तर दुसऱ्या कोणाला ती वापरता येत नाही. भंगाराच्या दुकानात जाऊन कोणती बाटली ते बाजूला काढतात ते विचारा. फार कमी डिझायनर तिथे जातात.

८. होकार एकाचाच

घरच्या भागीदारीत दोन भाऊ, त्यांचा एक मित्र, प्रत्येकाची बायको, ब्रुअर आणि पबचा मॅनेजर असे सगळे लोगोवर मत देतात. सगळ्यांची मतं ऐकावीत, पण होकार कोणाचा ते कामाच्या पहिल्या दिवशी कागदावर लिहून घ्यावं. मत मागतानाही “आवडलं का?” असं विचारू नये. “यातला स्ट्राँग कोणता?”, “हा कॅन फ्रीजमध्ये शोधा”, “फोनवर मित्राला याचं वर्णन सांगा” असं विचारलं की उत्तरं कामाची येतात.

न्यूयॉर्कची ब्रुकलिन ब्रुअरी सुरू करताना स्टीव्ह हिंडी यांच्या मनात गरुडाचं नाव होतं. डिझायनर मिल्टन ग्लेझर यांनी ते काढायला लावलं. गरुड अनहॉयझर-बुशच्या चिन्हात आधीच होता, आणि ब्रुकलिनसारखं नाव हाताशी असताना गरुडाची गरज काय, असा त्यांचा सूर होता. लोगो म्हणून उरलं एक मोठं वळणदार ‘बी’, आणि ते अजून चालू आहे. ग्लेझर यांनी फीऐवजी ब्रुअरीत हिस्सा घेतला. प्रत्येकाला असं जमणार नाही, पण फी ठरवताना छपाईवरची देखरेख, पुढच्या राज्यांची लेबलं आणि दर वर्षीचे बदल हे सगळं हिशोबात धरावं. लोगो देऊन निघून जाणारा डिझायनर या धंद्यात निम्मंच काम करतो.

९. नवा कॅन म्हणजे डुप्लिकेट, असा संशय येणारच

दारूच्या बाबतीत आपल्याकडे बनावट मालाची भीती खरी आहे. ओळखीचा कॅन अचानक वेगळा दिसला की गिऱ्हाईक विचारतं, “शेठ, हा माल ओरिजनल आहे ना?” आणि शेठकडे उत्तर नसेल तर ते दुसरी बिअर उचलतं. म्हणून नवा माल पोचण्यापूर्वी ब्रुअरीच्या सेल्समनने प्रत्येक दुकानात जाऊन जुना आणि नवा कॅन शेजारी ठेवून दाखवावा. खोक्यावर बाहेरून मोठा कंदील छापावा, म्हणजे खोकं उघडण्यापूर्वीच पोऱ्याला ओळख पटते.

चव बदलल्याच्या तक्रारीही येतात. पबमध्ये टॅपचा दांडा बदलला त्या आठवड्यात नेहमीची मंडळी आमच्या ब्रुअरला सांगत होती की बिअर पातळ झाली. पाककृतीत काडीचाही बदल नव्हता. कोका-कोलाने २०११ च्या नाताळात पांढरे कॅन काढले तेव्हा अमेरिकेत काहींना चव वेगळी लागली आणि पुष्कळांनी तो डाएट कोक समजून घेतला. कंपनीला पुन्हा लाल कॅन आणावे लागले. माणूस आधी डोळ्यांनी पितो. त्यामुळे लेबल बदलायच्या काळात पाककृतीला हात लावू नये, हे मी ब्रुअरकडून वदवून घेते. नवी चव आणायची असेल तर ती वर्षभराने आणा. “बिअर तीच” अशी ओळ लेबलावर टाकायची असेल तर तीही मंजुरीच्या फाइलमध्ये पहिल्यापासून हवी. मागाहून स्टिकर मारता येत नाही.

१०. कामाचा क्रम

कोणी नवीन डिझायनर विचारायला आला की मी त्याला हा क्रम लिहून देते. आधी एक्साइजवाल्याकडून नोंदणीचं वेळापत्रक. मग सक्तीचा मजकूर लावून उरलेली जागा. मग बिअर शॉपीत, परमिट रूममध्ये आणि भंगाराच्या दुकानात चक्कर. मग जुन्या गिऱ्हाइकांकडून कागदावर काढून घेतलेल्या आठवणी. मग ट्रेडमार्कचा शोध. मग कोणती बिअर छापील कॅनमध्ये आणि कोणती लेबलात, याचा निर्णय. मग छपाईवाल्याशी रंगांचा हिशोब आणि खऱ्या कॅनवरचा नमुना, कागदावरचा नाही. तो नमुना दवाने भरलेल्या फ्रीजमध्ये, इतर बिअरच्या गर्दीत, उलटा फिरवून ठेवायचा आणि दुकानातल्या पोऱ्याला शोधायला सांगायचं. त्याला तो चटकन सापडला तर फाइल मंजुरीला पाठवायची.

लोगो आवडला का, हे मालकांना त्यानंतर विचारावं. तोवर त्यांनाही दुसरेच प्रश्न महत्त्वाचे वाटायला लागलेले असतात.